वेगळं होण्याची चांगली कारणं

बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर एकच इशारा तीनदा छापलेला असतो. पुशेन्ये उबिया. म्हणजे धूम्रपान जीव घेतं. एकदा तो बोस्नियन भाषेत असतो, एकदा क्रोएशियनमध्ये, एकदा सर्बियनमध्ये. पहिल्या दोन ओळी अक्षरन्अक्षर सारख्या आहेत. तिसऱ्या ओळीतही शब्द तेच, फक्त लिपी सिरिलिक. तिन्ही समाजांना आपापल्या भाषेत मरणाची सूचना मिळाली पाहिजे, हा त्यांचा हक्क आहे, म्हणून असं.

हे मला सांगितलं माझ्या रूममेटने. ती मोस्तारची. मोस्तार हे बोस्निया-हर्झगोविनामधलं नेरेत्वा नदीकाठचं शहर. आम्ही भेटलो मात्र मुळशीत, पौडजवळच्या एका डोंगरावर. तिथे १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. जगभरातली सोळा ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं तिथे दोन वर्षं एकत्र राहतात आणि शिकतात. राहायच्या घरांच्या गटांना तिथे 'वाडा' म्हणतात. २०१२ च्या पावसाळ्यात मी स्कॉलरशिपवर तिथे पोचले, तेव्हा एका खोलीत आम्ही चौघी होतो आणि चौघींचं इंग्रजी चार प्रकारचं होतं.

माझी रूममेट शहराच्या कुठल्या बाजूची, म्हणजे क्रोएट की बोस्नियाक, हे मी इथे लिहिणार नाही. मोस्तारमध्ये माणसं पहिलं तेच ताडायचा प्रयत्न करतात आणि तिला त्याचाच कंटाळा होता. ताडणं सोपं असतं. कॉफीला तुम्ही 'कावा' म्हणालात तर एका बाजूचे, 'काहवा' म्हणालात तर दुसऱ्या, 'काफा' म्हणालात तर बहुधा तिसऱ्या. मुळशीच्या डोंगरावर ती दोन वर्षं कॉफीला कॉफीच म्हणाली.

•

अशा शाळा निघाल्या कुठून, ते थोडक्यात सांगते. कारण त्यामागचा माणूस मला त्या शाळांच्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त आवडतो.

कुर्ट हान हे बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू शिक्षक. १९२० मध्ये त्यांनी दक्षिण जर्मनीत सालेम नावाची शाळा सुरू केली. १९३२ मध्ये पोटेम्पा नावाच्या खेड्यात नाझी टोळीने एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या आईसमोर मारलं आणि हिटलरने मारेकऱ्यांना जाहीर पाठिंबा दिला. तेव्हा हान यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवलं. त्याचा आशय असा, की एक तर हिटलर निवडा, नाहीतर सालेम. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ब्रिटनमधून दबाव आल्यावर सुटका झाली आणि ते ब्रिटनला गेले. १९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली.

युद्ध संपून दहा वर्षं झाली होती. १९५५ मध्ये हान पॅरिसच्या नाटो डिफेन्स कॉलेजात गेले. तिथे त्यांना दिसलं, की काही वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांचे अधिकारी एका वर्गात बसून एकत्र अभ्यास करताहेत. त्यांच्या मनात आलं, हे जर पन्नाशीतल्या सैनिकांना जमतं, तर सोळा वर्षांच्या मुलांना का नाही? त्यातून १९६२ च्या सप्टेंबरमध्ये वेल्समधल्या सेंट डोनाट्स किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झालं. पुढच्याच महिन्यात क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या उंबऱ्यावर उभे होते.

आज या साखळीत अठरा शाळा आहेत. एक मुळशीत, एक सिंगापुरात, एक आर्मेनियात आणि एक खुद्द मोस्तारमध्ये. दीडशेहून जास्त देशांत मुलं निवडणाऱ्या समित्या आहेत. नेल्सन मंडेलांच्या मुली यातल्याच एका शाळेत शिकल्या. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत काळ्या-गोऱ्या मुलांनी एका बाकावर बसणं कायद्याविरुद्ध होतं, तेव्हा सीमेपलीकडच्या स्वाझीलँडमध्ये १९६३ साली ती शाळा मुद्दाम सगळ्या वर्णांच्या मुलांसाठी काढली होती.

पण हान यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट होडीची आहे. त्यांचा शांततेच्या भाषणांवर फारसा भरवसा नव्हता. मुलांना कुणाची तरी खरीखुरी गरज भासली पाहिजे, असं त्यांना वाटे. त्यामुळे अटलांटिक कॉलेजातली मुलं समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायचं काम करत. त्या किनाऱ्यावर साध्या होड्या टिकेनात. तेव्हा पहिले मुख्याध्यापक, निवृत्त नौदल अधिकारी डेस्मंड होर, आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मिळून नवी होडी घडवली. तळाला कडक सांगाडा, बाजूंना हवा भरलेल्या नळ्या. आज जगभरचे तटरक्षक ज्या रबरी दिसणाऱ्या वेगवान होड्या वापरतात, त्यांचा जन्म तिथला. होर यांनी पेटंट ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला एका पौंडात देऊन टाकलं. त्या पौंडाचा चेक त्यांनी कधी वटवलाच नाही, असं सांगतात.

वेगवेगळ्या देशांतल्या मुलांनी एकत्र बसून शांततेवर निबंध लिहिले असते, तर त्या निबंधांचं काय झालं असतं, सांगता येत नाही. होडी मात्र अजून माणसं वाचवते.

•

डोंगरावरच्या पहिल्या वर्षात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लांबच्या माणसाशी मैत्री करणं सोपं असतं.

माझी रूममेट आणि मी आठवड्याभरात जिवलग झालो. तिला माझ्या जातीबद्दल, आडनावाबद्दल काही माहीत नव्हतं. मला तिच्या शहरातल्या रेषेबद्दल काही माहीत नव्हतं. आमच्यामध्ये कुठलंच जुनं भांडण नव्हतं. मी तिला थालीपीठ शिकवलं, तिने मला पत्त्यांचा एक खेळ शिकवला, झालं. असल्या मैत्रीचे फोटो फार छान येतात.

आमच्या वर्षात बोस्नियाचाच आणखी एक मुलगा होता, 'दुसऱ्या बाजूचा'. सगळ्या कॉलेजात त्या दोघांचीच मातृभाषा एक होती. तरी ते एकमेकांशी इंग्रजीत बोलत. तेही मोजकं. मेसमध्ये ती ब्राझीलच्या टेबलावर बसे, तो केनियाच्या. भांडण कधीच झालं नाही. भांडायला निदान जवळ यावं लागतं.

मग त्याला टायफॉइड झाला. पुण्याच्या एका हॉस्पिटलात त्याला ठेवलं होतं. ताप चढला आणि त्याचं इंग्रजी गेलं. डॉक्टर विचारत होते काय दुखतंय, आणि तो जे सांगत होता ते त्या अख्ख्या मजल्यावर कुणालाच कळत नव्हतं. रात्री नऊला तिला बोलावणं आलं. सोबत म्हणून मी गेले.

त्या रात्री ती त्याच्या उशाशी बसून दुभाषी झाली. तो बोले, ती इंग्रजीत सांगे, नर्सताई ते मराठीत मावशींना सांगत. पहाटे कधीतरी तो सारखा एकच शब्द म्हणत होता. वोदा, वोदा. मी विचारलं, हा कुठल्या भाषेतला? ती हसली. म्हणाली, "पाण्याला सगळ्यांचा एकच शब्द आहे. तेवढा वाटायचा राहून गेला."

त्यानंतर ते दोघं काही घट्ट मित्र झाले नाहीत. पण आपल्या भाषेत बोलायला लागले. कधीकधी चढ्या आवाजात. तिच्या शहरात काय झालं, त्याच्या गावात काय झालं, कुणी आधी सुरू केलं. मला एक अक्षर कळत नसे. पण ते ऐकताना वाटायचं, की कॉलेजात इतक्या चर्चा आणि इतके सांस्कृतिक आठवडे होतात, त्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये एका दुपारी ती फोन घेऊन पळत आली. बोस्नियात बेरोजगारी आणि भ्रष्टाचाराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. मोस्तारमध्ये सरकारी इमारती पेटल्या होत्या. क्रोएट पक्षाचं आणि बोस्नियाक पक्षाचं, अशी दोन्ही कार्यालयं एकाच दिवशी जळाली होती. ती आणि तो मुलगा वाड्याच्या पायरीवर बसून एकाच फोनवर ते बघत होते. "बघ," ती मला म्हणाली, "वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकत्र काहीतरी केलं." त्यात आनंद होता की दुःख, ते तिलाही सांगता आलं नसतं.

जवळचं मला कुठे माहीत होतं! पॅलेस्टाईनचा नकाशा मी डोळे मिटून काढू शकत होते. ज्या खोऱ्याकडे बघत मी रोज दात घासत होते, त्याची गोष्ट मला सांगितली मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींनी. "आमचं मूळ गाव पाण्याखाली आहे," त्या म्हणाल्या. मग मी शोधलं. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले होते. मुळशी सत्याग्रह हे दोन शब्द मी परीक्षेत लिहिलेही होते. पण त्याचं पाणी मला त्या दिवशी दिसलं.

•

आता माझ्या गावाबद्दल. तालुक्याचं गाव आहे, नाव राहू द्या.

आमच्या नगरपालिकेच्या शाळेची इमारत एक आणि शाळा दोन. सकाळी सात ते बारा उर्दू शाळा. साडेबारा ते साडेपाच मराठी शाळा. बाक तेच, फळा तोच, पाण्याची टाकी तीच. माझे बाबा मराठी शाळेत शिक्षक होते. रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी उर्दू शाळेच्या एक मॅडम त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा आणि खडूचा डबा द्यायच्या. हे एकोणीस वर्षं चाललं. बाबा म्हणायचे, "लग्नात सात फेरे, आमचे किल्लीचे हजारो झाले." पण शाळा एकाच इमारतीत असून दोन्हीकडची मुलं एकमेकांना भेटत नसत. मधल्या अर्ध्या तासात एक गर्दी फाटकातून बाहेर पडे, दुसरी आत शिरे.

माझ्या बाकावर कर्कटकाने कुणीतरी नाव कोरलं होतं. उर्दूत. मी पाचवी ते सातवी तीन वर्षं त्या नावावर वही ठेवून लिहिलं, आणि ते मला वाचता आलं नाही. शेजारी मी माझं नाव कोरलं. पुढे केव्हातरी लक्षात आलं, की त्या मुलाला किंवा मुलीला माझं नाव वाचता येत असणार. उर्दू शाळेत मराठी शिकावंच लागतं. मराठी शाळेत अलिफ-बे कुणी शिकवत नाही. बाजारात तर उर्दू शाळेतली मुलं माझ्याइतकंच मराठी बोलत. म्हणजे ओळखायची तयारी एकाच बाजूकडून होती.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं, की दोन गटांची नुसती गाठभेट घडवून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्याला चार गोष्टी लागतात. दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत घ्यावी लागली पाहिजे, आणि वरच्या व्यवस्थेचा त्याला पाठिंबा हवा. आमच्या इमारतीत यातलं एकही नव्हतं. होती फक्त किल्ली.

डोंगरावरच्या कॉलेजात चारही होतं. म्हणूनच ते चालतं. पण त्यासाठी मुलाला त्याच्या गावातून उचलून न्यावं लागतं. एका वर्षात शे-सव्वाशे मुलं. उरलेली लाखो मुलं जिथल्या तिथे.

दुसराही एक रस्ता आहे. १९५३ मध्ये युनेस्कोने १५ देशांतल्या ३३ शाळा जोडून एक जाळं सुरू केलं. मुलाला उचलायचं नाही. आहे त्या साध्या शाळेतच इतर देशांची ओळख, माणसाचे हक्क, एकमेकांशी पत्रव्यवहार, असे उपक्रम चालवायचे. आज त्यात दहा हजारांहून जास्त शाळा आहेत. यातलं काम कधी फार खोल असतं, तर कधी फाटकावर पाटी आणि २४ ऑक्टोबरला कागदी झेंडे एवढंच. पण कल्पना मला पटते, कारण ती गावातल्या शाळेला गावातच ठेवते. आपल्याकडे साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं, तेही असंच होतं. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी जावं. फक्त आंतरभारती म्हटलं की आपण तमिळ नाहीतर बंगाली शिकायच्या गोष्टी करतो. सकाळच्या शिफ्टची भाषा कुणाच्या डोक्यात येत नाही.

•

जुलै २०१७ मध्ये मी मोस्तारला गेले. विमानाच्या तिकिटासाठी दीड वर्ष पैसे साठवले होते.

जुना पूल बघितला. १५६६ चा, तुर्की बांधणीचा, एका कमानीत नदी ओलांडणारा. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफगोळ्यांनी तो नेरेत्वेत कोसळला. २००४ च्या जुलैमध्ये तो पुन्हा बांधून झाला. पर्यटक त्यावर सेल्फी काढतात, पोरं पैसे घेऊन त्यावरून नदीत उड्या मारतात. रूममेट म्हणाली, "सगळ्यांना वाटतं, पूल जोडला म्हणजे शहर जोडलं. खरी रेषा नदी नाहीच." खरी रेषा पुढे आहे. बुलेवार नावाचा रस्ता, युद्धातली आघाडी. त्याच्या एका बाजूला एक विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला दुसरं. फुटबॉलचे क्लब दोन. शहराच्या नगरपालिकेची निवडणूक २००८ नंतर झालीच नव्हती. (ती व्हायला पुढे २०२० चा डिसेंबर उजाडला.)

त्या रेषेवरच नारिंगी-पिवळ्या पट्ट्यांची एक देखणी इमारत आहे, ऑस्ट्रियाच्या साम्राज्याच्या काळातली. तिला जिमनाझिया म्हणतात, म्हणजे माध्यमिक शाळा. युद्धात तिची चाळण झाली होती. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांच्या रेट्याने तिथल्या क्रोएट आणि बोस्नियाक शाळांचा कारभार एक केला. प्रशासन एक, इमारत एक. अभ्यासक्रम मात्र दोन, आणि वर्गही दोन. बोस्नियात अशा शाळांना 'एका छपराखाली दोन शाळा' म्हणतात. युद्धात पळालेल्या कुटुंबांनी घरी परतावं म्हणून ही तात्पुरती सोय केली होती. पन्नासच्या आसपास ठिकाणी ती होती. तात्पुरती सोय कशी कायमची होते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

२००६ मध्ये याच इमारतीत युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाळा आली. म्हणजे जगभरातली मुलं जिथे एका वर्गात शिकतात, त्याच छपराखाली त्याच शहरातली मुलं दोन वेगळ्या वर्गांत शिकतात.

मी त्या इमारतीसमोर बराच वेळ उभी होते. मला आमची शाळा आठवत होती. मोस्तारमधली रेषा भिंतींची, आमची घड्याळाची, एवढाच फरक.

आझ्रा ह्रोमाजिच या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक या शाळेत बरेच दिवस जाऊन बसत. मुलं नेमकी कुठे एकमेकांत मिसळतात, याचा त्या शोध घेत होत्या. त्यांना ती जागा सापडली स्वच्छतागृहात. मधल्या सुट्टीत दोन्हीकडची मुलं-मुली चोरून सिगारेट ओढायला तिथे जमत. सिगारेट मागायची, देटायची, गप्पा, थोडं फ्लर्टिंग. इतक्या संस्थांनी इतका पैसा ओतून आखलेल्या एकीकरणापेक्षा तिथला धूर जास्त एकत्र होता. रूममेटला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे तर मोस्तारमध्ये सगळ्यांना माहीत आहे. फक्त त्यावर कुणी प्रकल्प काढला नाही."

आणि मग तिने मला याइत्सेची गोष्ट सांगितली. तेव्हा ती ताजी होती.

याइत्से हे मध्य बोस्नियातलं छोटं गाव. तिथल्या माध्यमिक शाळेत सगळ्या समाजांची मुलं एकत्र शिकत. २०१६ मध्ये तिथल्या प्रांतिक सरकारने बोस्नियाक अभ्यासक्रमाची वेगळी शाळा काढायचं ठरवलं. त्याच प्रांताच्या एका शिक्षणमंत्र्यांनी काही वर्षांपूर्वी सांगितलंच होतं, की सफरचंदं आणि नाशपाती एकत्र ठेवायच्या नसतात. याइत्सेची मुलं रस्त्यावर उतरली. क्रोएट, बोस्नियाक, सगळी. मुख्यालयाच्या गावी जाऊन त्यांनी निदर्शनं केली. २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारने निर्णय मागे घेतला. पुढच्या वर्षी या मुलांना मॅक्स व्हान डर स्टुल पुरस्कार मिळाला, युरोपातल्या अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरच्या कामासाठी दिला जाणारा.

या मुलांना कुणी निवडून डोंगरावर नेलं नव्हतं. त्यांच्या शाळेच्या फाटकावर कुठल्याही जागतिक जाळ्याची पाटी असल्याचं मी ऐकलेलं नाही. ती रोज एका शाळेत जात होती, एवढंच. एकत्र शिकण्याचं महत्त्व त्यांना कुणी पटवून द्यावं लागलं नाही. ते जाऊ लागलं तेव्हा त्यांना कळलं, आपलं काय जातंय.

•

गेल्या वर्षी आमच्या गावात ठराव आला. उर्दू शाळेसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी इमारत.

सगळे खूश आहेत, आणि खूश होण्यासारखंच आहे. शिफ्ट संपेल, दोन्ही शाळा पूर्ण वेळ भरतील. सकाळी सातला झोपेतून उठून येणारी पहिलीतली मुलं दहाला येतील. मुस्लीम कुटुंबं गेल्या पंधरा वर्षांत हळूहळू त्या टोकालाच राहायला गेलीत, त्यांच्या मुलींना हायवे ओलांडावा लागणार नाही. मराठी शाळेला दुपारी घामेजलेल्या वर्गांऐवजी सकाळ मिळेल. नव्या इमारतीत मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असतील. आणि आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क तर आहेच. बोस्नियातल्या भाषांसारखा इथे नुसता नावाचा फरक नाही. उर्दू ही वेगळ्या लिपीची, स्वतःचं मोठं साहित्य असलेली भाषा आहे, आणि ती शाळा टिकली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यातल्या एकाही कारणाविरुद्ध मला बोलता येत नाही. मला तेच खटकतं. वेगळं होण्याची कारणं नेहमी चांगलीच असतात. हायवे, स्वच्छतागृह, वेळ, सोय. बोस्नियातही कुणी 'द्वेषासाठी वेगळी शाळा' असा अर्ज केला नव्हता. भाषेचा हक्क, मुलांची सुरक्षितता, परतणाऱ्यांची सोय, असंच लिहिलं होतं. आणि सगळी चांगली कारणं संपल्यावर अशी पिढी तयार होते, जिला किल्ली हातात देणारी ती मॅडमसुद्धा आठवत नाही. एकत्र असण्यासाठी मात्र आपल्याकडे सोयीचं एकही कारण नसतं. ते मुद्दाम तयार करावं लागतं, जसं हान यांनी बुडणारी माणसं शोधली.

बाबा आता निवृत्त आहेत, पण शाळेच्या कामात अजून असतात. मी पुण्याहून शनिवार-रविवार जाते. आम्ही दोघांनी एक पत्र तयार केलं. नवी इमारत होऊ दे, तिला विरोध नाही. पण तीन गोष्टी दोन्ही शाळांच्या एकच ठेवा. एक, विज्ञानाची प्रयोगशाळा. दोन चांगल्या उभारायला पैसे नाहीतच, मग एक नीट करा आणि आठवीच्या दोन्ही वर्गांना एका तासाला एकत्र बसवा. दोन, मराठी शाळेत पाचवीपासून आठवड्याला एक तास उर्दू लिपी. निदान आपल्या बाकावरचं नाव तरी वाचता यावं. तीन, शनिवारी दोन तास मैदान दोन्ही शाळांचं. संघ मिसळून करायचे, मराठी विरुद्ध उर्दू असा सामना कधीही लावायचा नाही.

पत्र घेऊन आम्ही आधी त्या मॅडमकडे गेलो. त्याही निवृत्तीच्या जवळ आल्यात, आता मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी चहा केला, चष्मा लावला आणि पत्र दोनदा वाचलं. पालक काय म्हणतील, ते त्यांनी आधीच सांगितलं. त्यांच्याकडचे म्हणतील, आमच्या मुलींना इतक्या लांब परत कशाला पाठवायचं. आमच्याकडचे म्हणतील, उर्दू शिकून काय करायचंय. प्रयोगशाळेला वरून मंजुरी लागेल, म्हणजे दोन वर्षं. लिपीच्या तासाला शिक्षक कोण देणार?

"शनिवारचं जमेल," त्या म्हणाल्या. मग बाबांकडे वळल्या. "पण सर, पावसाळ्यानंतर त्या मैदानात कमरेएवढं गवत असतं. काचा असतात. ते कोण साफ करणार? तुमची पोरं की आमची?"

बाबांनी खिशातून पेन काढलं आणि पत्रात तिसऱ्या मुद्द्याच्या वर एक ओळ वाढवली: पहिले दोन शनिवार, मैदान साफ करणे, दोन्ही शाळा, खुरपी घरून आणावीत. मॅडमनी खाली सही केली. उर्दूत.